हौदा आणि पाटे

मोटार रस्त्याने जाऊ लागली की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तिच्या तोंडाकडे वळते. दिवे, जाळी, रंग यांवरून तो तिची योग्यता ठरवून मोकळा होतो. परंतु मालवाहू गाडीचा खरा जीव तिच्या पाठीमागे असतो. वर हौदा आणि खाली पाटे, या दोहोंवर तिचे सारे आयुष्य उभे असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा चौघा चुलत भावंडांना या दोन वस्तूंचा अगदी जवळून परिचय घडला. त्यातून जे उमजले ते शाळेतील बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

निपाणी हे तंबाखूचे गाव. येथील तंबाखूच्या पोत्याला नुसते वजन नसे. त्याला एकेका घराचा वर्षाचा हिशेब बांधलेला असे. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथील महामार्ग रोखून धरला होता, ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. आमच्या आजोबांच्या जुन्या पिकअपने अनेक वर्षे हीच पोती वाहिली. तंबाखूचा हंगाम सरला की गुळाचे रवे वाहिले. आजोबा निवर्तल्यावर ती गोठ्यामागे उभी राहिली. हौद्याच्या फळ्या कुजल्या, पत्र्याला गंज चढला आणि घरात ती भंगारात घालण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा आम्ही भावंडांनी वडिलांकडे हट्ट धरला, की ती आम्हीच नीट करू.

आमच्या मनात मात्र निराळेच चित्र होते. अमेरिकेतील जुन्या पिकअप मागून खाली बसवून, जमिनीलगत आणून मिरवतात, त्यांची छायाचित्रे आम्ही पाहिली होती. या रीतीचा इतिहासही मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतील तरुणांनी जुन्या मोटारी खाली आणण्याचा छंद वाढवला. आरंभी ते डिकीत वाळूची पोती ठेवीत. पुढे स्प्रिंगा कापू लागले. 1958 साली कॅलिफोर्निया राज्याने चाकाच्या लोखंडी कड्याच्या तळापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असे बंधन घातले. तेव्हा 1959 साली रॉन अगिरे नावाच्या तरुणाने विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप मोटारीला बसवून ती इच्छेप्रमाणे वर-खाली करण्याची युक्ती काढली. आपल्याकडे पोटासाठी पोती वाहायची आणि तिकडे शोभेसाठी, हा विरोधाभास तेव्हा आमच्या ध्यानात आला नव्हता. आमचीही गाडी तशीच दिसावी, एवढेच आम्हाला सुचत होते.

महामार्गालगतच्या एका गॅरेजात आम्ही ती ओढून नेली. तेथील वृद्ध मिस्त्रींना सारेजण मामा म्हणतात. त्यांनी आमचा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "पोरांनो, गाडी राबवायची हाय का मिरवायची?"

"दोन्ही, मामा," आमच्यातला धाकटा म्हणाला.

"मग आधी खाली वाका आणि बघा," असे म्हणून त्यांनी आम्हाला गाडीच्या मागे बसवले.

तेथे त्यांनी जे दाखवले ते असे. मागचा आस, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक्सल, पाट्यांच्या खाली यू-बोल्टांनी आवळलेला होता. गाडी खाली आणण्याचा प्रसिद्ध मार्ग म्हणजे पाटे आसाच्या खाली नेणे. तसे केल्यास आसाची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून जेवढी उंची भरते, तेवढी गाडी खाली बसते. पण काम तेथे संपत नाही. आस आता चॅसिसच्या दांड्याजवळ येतो आणि खड्ड्यात चाक उसळले की त्यावर आदळतो. म्हणून दांड्याला अर्धगोलाकार खाच पाडून, तेथे जाड पोलादी पट्ट्या जोडून त्याला बळकटी द्यावी लागते. आसामधील दातेरी चक्रांचा गोळा हौद्याच्या तळाला लागतो, म्हणून तळ उचलून घ्यावा लागतो. चाकांना जागा हवी, म्हणून हौद्यातील चाकांवरची घरे वाढवावी लागतात. धक्के शोषणारे दांडे आखूड करावे लागतात आणि इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचा कोनही पुन्हा जुळवावा लागतो. एका ठिकाणी हात लावला की पुढच्या पाच ठिकाणी त्याचा जाब द्यावा लागतो. इतके करून जो हौदा उरतो, त्यात माल मावायचा तो थोडाच.

यानंतर मामांनी पाट्यांचे शास्त्र सांगितले. पूर्वीच्या टांग्याला ज्या कमानी असत, त्यांचाच हा वंश. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. त्याखाली उतरत्या लांबीचे पाटे एकावर एक बसवलेले असतात. ओझे पडले की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते, म्हणून एक टोक हलत्या कडीत अडकवलेले असते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने उसळी थोडीफार शमते. एकच जाड पाटा का घालीत नाहीत, असा प्रश्न आम्ही केला. त्याचे उत्तर आम्हाला पुढे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडले. सारख्या लांबी-रुंदीचा पाटा दुप्पट जाड केला तर त्याचा ताठपणा आठपट होतो. मात्र सारखे दोन पाटे घातले तर तो दुप्पटच होतो. शिवाय पातळ पाटा न तुटता अधिक वाकतो. म्हणूनच अनेक पातळ पाट्यांनी मिळून भार वाहायचा, अशी ही योजना आहे.

मामांनी पाटे मोजले तेव्हा ते प्रत्येक बाजूस नऊ भरले. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ते सात होते. दोन मागाहून वाढवलेले होते. आमच्या भागात हे नित्याचे आहे. माल अधिक न्यायचा असला की मालक पाटा वाढवतो. हौद्याचे कठडेही वरून फळ्या ठोकून उंच केलेले होते, कारण तंबाखू वजनाच्या मानाने जागा फार व्यापते. गूळ जागा थोडी घेतो, पण वजन भरपूर देतो. एका मालासाठी हौदा उंचावला आणि दुसऱ्यासाठी पाटे वाढले. "पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढतोय व्हय? टायर आणि एक्सल तेच न्हवं?" मामा म्हणाले. तवंदी घाट उतरताना भरलेल्या गाडीचा चालक कशाच्या भरवशावर असतो, हे त्या एका वाक्याने आम्हाला कळले. रिकाम्या गाडीतही फार ताठ पाटे चाकाला रस्त्यावर नीट टेकू देत नाहीत. गाडी उसळते आणि ब्रेकची पकड सैल होते.

घरी येऊन आम्ही ही हकीकत सांगितली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले, की पहिला पाटा थोरल्या आत्याचे लग्न ठरले त्या वर्षी वाढवला आणि दुसरा मळ्यात विहीर खोदली त्या वर्षी. दोन्ही वेळा कर्ज होते आणि ते फेडण्यासाठी आजोबा प्रत्येक खेपेस चार पोती अधिक घालीत. हे ऐकून वडील म्हणाले, की ते पाटे तसेच असू द्यावेत, ती त्यांची आठवण आहे. आजीने मान हलवली. "फिटलं ते सगळं. उतरवा आता," ती म्हणाली.

दुसरीकडे कायद्याचाही विचार होता. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. दांड्याला खाच पाडणे, पाटे आसाखाली नेणे हे मिरवण्यासाठी आम्ही करू म्हटले असते, तरी ती गाडी रस्त्यावर आणणे शक्य नव्हते. तेव्हा निर्णय झाला, की गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची.

सुमारे तीन आठवडे काम चालले. वाढवलेले पाटे काढले. उरलेल्या सातांपैकी जे सपाट झाले होते ते मामांनी न तापवता ठोकून पुन्हा कमानीत आणले. तापवले तर पोलादाचे पाणी उतरते, असे त्यांनी बजावले. झिजलेले बुश आणि पिना बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर कातून आणल्या. हौद्याच्या वरच्या फळ्या उतरवल्या, तळाच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या आणि फळक्याला नवे बिजागर लावले. गाडी चाकांवर उभी करून मोजली, तो मागची बाजू पूर्वीपेक्षा दोन इंचांहून अधिक खाली आलेली! जिची उंची आम्हाला खटकत होती, ती गाडीची स्वतःची उंची नव्हतीच. ती आमच्या घरावरच्या कर्जाची उंची होती. ओझे उतरल्याबरोबर गाडी आपल्या जागी येऊन बसली. छायाचित्रातल्या गाडीसारखी ती मुळीच दिसत नाही, पण तिच्याकडे पाहून आमचे समाधान होते.

वाहनाची शोभा कोणी कशात मानावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. परसमुलखातील त्या कारागिरांची कुशलता आम्ही कमी लेखत नाही. पोलादावर एवढा हात बसवणे सोपे नव्हे. आमच्या मुलखात मात्र हौद्याकडे पाहताना त्याने आजवर काय वाहिले आणि कोणासाठी वाहिले, हेही विचारावे, असे आम्हाला वाटू लागले आहे.

आता ती पिकअप मळ्यातील भाजी आठवड्याच्या बाजाराला नेते. किती वजन घालायचे तो आकडा वडिलांनी फळक्याच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवला आहे. काढलेले चार पाटे आजीने भंगारात जाऊ दिले नाहीत. पाट्याचे पोलाद धारेला चांगले, म्हणून गावच्या लोहाराकडून त्यांचे दोन कोयते, एक विळा आणि काही खुरपी घडवून घेतली. यंदाच्या ऊसतोडणीत ते कोयते चालले.