बोडीकडून बंदराकडे

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याचे अप्रूप कोणी सांगू नये. नवेगावबांधचा तलाव आमचा, इटियाडोह आमचा, शिवाय गावोगाव बोड्या आहेतच. फरक एवढाच, की आमच्या पाण्याला पलीकडचा काठ दिसतो. चाळिशी उलटेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईस उतरलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच कुलाब्याचे ससून डॉक गाठले.

समुद्र दिसण्याआधी त्याचा वासच सामोरा आला. मग बर्फाचा चुरा, चिखल, ट्रॉलरांची दाटी आणि कोळणींचे आवाज. पाटी खाली टेकते न टेकते तोच तिचा लिलाव झालेला असे! भाव कोणी पुकारला आणि कोणी घेतला, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. एका बाजूला बाया कोळंबी सोलत होत्या. त्यांची बोटे पाहावीत की कोळंबी, अशी गत. 1875 साली बांधलेली ही गोदी मूळची कापसाच्या व्यापाराची. आता इथे कापसाचे बोंडही सापडायचे नाही.

गंमत अशी की या मासळीबाजाराच्या दोन्ही अंगांना नौदल आहे. दक्षिणेला नेव्हीनगर, उत्तरेला गेटवेपलीकडे नौदलाची गोदी. 1736 साली सुरतेहून लवजी वाडिया आले आणि त्यांच्या घराण्याने इथे जहाजे बांधली. मलबारी सागवानाचे ‘त्रिंकोमाली’ 1817 साली इथेच पाण्यात उतरले. ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. सागवान म्हटले की आम्हां झाडीपट्टीवाल्यांचे कान टवकारतात, म्हणून हे सांगितले.

तिथून चालत पश्चिमेला मच्छीमार नगरात गेलो. समोर होड्या, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, आणि पाठीशी कफ परेडचे मनोरे. ते ज्या जमिनीवर उभे आहेत ती समुद्रात भर घालून केलेली. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोही कफ परेडपर्यंत येऊन ठेपली आहे. वरून मोटारी, खालून आगगाडी, आणि मध्ये जाळे विणणारा म्हातारा! त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी रबरी होडीतून याच काठाला लागले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते इथल्या कोळ्यांनी. 2009 साली सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली. पहारा हवाच, त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर वावरणाऱ्याने आपली ओळख खिशातल्या कार्डाने पटवायची, हे मला जरा चमत्कारिक वाटले.

बोंबील उलटवणाऱ्या एका मावशींशी बोलत उभा राहिलो. गोंदियाला समुद्र नाही, हे ऐकून त्यांना माझी दया आली असावी. मग मी आमच्या ढिवरांची हकिकत सांगितली. कोहळी मंडळींनी खणलेले तलाव मालगुजारांचे झाले. 1951 साली मालगुजारी गेली तशी तलावांवर सरकारची मालकी आली. ढिवरांच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात, त्यात मासे सोडतात, शिंगाडा लावतात. ठेका संपला की पुन्हा धावपळ.

मावशींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे तुमच्याकडं कागद हाय,” त्या म्हणाल्या.

“आहे. थोड्या वर्षांचा.”

“आमच्या होड्या लावायच्या जागेचा कोनाकडं हाय, ते विचारून या भाऊ.” आणि मनोऱ्यांकडे बोट दाखवून हसल्या.

मी पावशेर सुके बोंबील मागितले. त्यांनी मोजताना मूठभर जास्तच घातले, आणि आगगाडीत शेजाऱ्यांनी बोंब मारू नये म्हणून तीन कागदांत घट्ट बांधून दिले.