सावरीसमोर

फाल्गुनात मी आधी झाड हेरते, पक्षी मागाहून येतात. सासवडच्या पुढे, कऱ्हेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी काटेसावर आहे. संक्रांतीनंतर तिची उरलीसुरली पानं गळतात आणि शिवरात्रीच्या सुमारास उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं बसतात. डांबरी रस्त्यावरून, चांगल्या एक किलोमीटरवरून ती दिसते. गेली नऊ वर्षं या दिवसांतले तीन-चार रविवार मी तिच्यासमोर बांधावर बसून काढते.

आपल्याकडे पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना येतात, तेव्हा तारखा योग्यच आहेत. पण नवख्याने पक्षी पाहायला सुरुवात करावी ती वसंतात, असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबरात झाडं पानांनी गच्च असतात. आवाज येतो तिथे पक्षी दिसेलच असं नाही. बरेच पक्षी तेव्हा फिक्या पिसांत असतात. हिवाळ्याच्या तोंडाशी पिवळट पोटाचा, छातीवर मधोमध काळी रेघ असलेला जांभळा शिंजीर फेब्रुवारीत उन्हात असा झळाळतो की दोन्ही एकच, हे नवख्याला पटत नाही. दयाळ शेंड्यावर बसून तास-तास गातो. तांबटाची टुकटुक सकाळी सुरू होते ती दुपारपर्यंत. चैत्रात पावशाही सुरू होतो. त्याची ‘पेरते व्हा’ ऐकून शेतकरी आभाळाकडे पाहतो, पाऊस अजून दोन महिने लांब असला तरी.

सावरीवर येणाऱ्यांचा एक क्रम असतो. उजाडता उजाडता बुलबुल येतात. मग कोतवाल, तो मधही पितो आणि मधावर आलेले किडेही टिपतो. थोड्या वेळाने भांगपाडी मैना जोडीने उतरते, चापूनचोपून मागे वळवलेल्या काळ्या केसांची. ऊन फांद्यांवर आलं की पळसमैनांचा थवा येतो आणि सगळ्या झाडाचा ताबा घेतो. इतका गलका होतो की ओढ्यापलीकडच्या पंपाचा आवाज ऐकू येत नाही.

या पळसमैनेवर मला थोडं रेंगाळायचं आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे तिला भोरडी म्हणतात, आणि हे नाव तिकडे कौतुकाने घेतलं जात नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा पडला की माणसं माळ्यावर चढून गोफणी फिरवतात. ती मळकट, राखी-गुलाबी भोरडी आणि सावरीवरची ही चकचकीत काळी-गुलाबी मैना एकच. तिच्या नव्या पिसांना फिकट मातकट कडा असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि वसंतापर्यंत आतला गुलाबी रंग उघडा पडतो. एप्रिलअखेर या मैना मध्य आशियात विणीला निघून जातात, आणि तिकडे त्यांचं मुख्य खाणं असतं टोळ आणि नाकतोडे. इथे गोफणीने हाकललेला पक्षी तिथे शेतकऱ्याची राखण करतो. शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं, त्याच्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण मार्चमध्ये त्याच भोरडीला सावरीवर एकदा शांतपणे पाहावं, असं मात्र वाटतं.

फोटोसाठी मी झाडाच्या पूर्वेला बसते, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. निष्पर्ण झाडाची अडचण ही की मागे सगळं आभाळच असतं. कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि कोतवालासारखा काळा पक्षी कोळशाचा तुकडा होऊन बसतो. तिथे एक्स्पोजर एक-सव्वा स्टॉपने वाढवावं लागतं. आभाळ पांढरं पडलं तर पडू द्यावं, पिसं दिसली पाहिजेत. भर खाली वाकलेल्या फांद्यांवर द्यावा. त्यांच्यामागे डोंगराचा उतार येतो आणि लाल फूल त्या करड्या रंगावर उठून दिसतं. साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरू लागते. मग लेन्स कितीही महाग असो, पिसाचा धागा सुटा दिसत नाही. त्या वेळेला मी कॅमेरा पिशवीत घालते आणि वही काढते.

पक्ष्यामागे लेन्स फिरवायची सवय मला फार उशिरा सुटली. आता मी एकच फूल निवडते. आज सकाळी उमललेलं, पाकळ्या ताठ, पेल्यात मध चमकणारा. कालचं फूल थोडं मलूल असतं, दुपारपर्यंत धप्पकन खाली पडतं. शेळ्या राखणाऱ्या मावशी तेवढ्यासाठी झाडाखाली थांबतात. शेळ्यांना ही फुलं आवडतात. ताज्या फुलावर फोकस धरून बसलं की अर्ध्या तासात कुणीतरी येतंच.

असंच एका फुलावर डोळा लावून बसले असताना चिमणीएवढा एक करडा पक्षी पेल्याच्या कडेवर उतरला. घरचिमणीपेक्षा सडपातळ, खांद्यावर विटकरी डाग, आणि मान वर केली तेव्हा गळ्याखाली पिवळा टिळा. पीतकंठी चिमणी, आपली रानचिमणी. चोच काळी होती, म्हणजे नर विणीच्या रंगात आलेला. त्याने सगळं डोकं फुलात खुपसलं. बाहेर आलं तेव्हा कपाळ आणि गळा परागांनी भरलेला होता, टिळा कुठे संपतो नि पराग कुठे सुरू होतो ते कळेना. त्याने शेजारच्या काटकीवर चोच एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुसली आणि दुसऱ्या फुलात डोकं घातलं. सावरीचं परागीभवन पुस्तकात मी कितीदा वाचलं होतं. ते घडताना मी त्या दिवशी पाहिलं.

याच जातीच्या एका चिमणीने सालिम अलींना पक्ष्यांकडे वळवलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये गेले. तिथले सचिव मिलार्ड साहेब यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. १९८५ साली आलेल्या सालिम अलींच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं यांवर त्यांनी १९३२ साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये विस्ताराने लिहिलं. सावर, पांगारा, पळस यांच्याकडे पाहायला त्या लेखाने मला शिकवलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं. सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. सावरीचा बहर संपला होता, परतताना पडीक रानात टिटवीची अंडी दिसली. चार अंडी, मातकट रंगावर काळे शिंतोडे, टोकं आत वळवलेली, भोवती खडे. पंधरा फुटांवर मी पालथी पडले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. सरावेल, येऊन बसेल, मग फोटो घेऊ, असं मला वाटत राहिलं. अर्धा तास झाला असेल. रानाचे मालक बांधावरून म्हणाले, “ताई, उठा तिथनं. ऊन चढलंय. ती बसंना झालीय, अंडी भाजत्यात.”

मी मागे सरून लांब बाभळीखाली गेले. टिटवी लगेच अंड्यांकडे आली नाही. आधी ती शेताच्या चारीवर उतरली, पाण्यात फतकल मारून पोट भिजवलं, आणि मग चार पावलं धावायचं, थांबायचं, असं करत अंड्यांवर येऊन बसली. पोटाची पिसं ओली होती. टिटवी उन्हाळ्यात अशीच अंडी गार ठेवते. ऊब द्यायला पक्षी अंड्यांवर बसतो एवढंच तोवर मला माहीत होतं. तिला त्या वेळी गारवा द्यायचा होता, आणि मी मधे पडले होते. पुढच्या रविवारी गेले तेव्हा तीनच अंडी होती. चौथं कावळ्याने नेलं, असं मालकांनी सांगितलं. मी तिथे पडून होते तेव्हा त्याच बाभळीवर कावळा बसलेला होता. मी त्याला पाहिलंही होतं.

त्या दिवसापासून घरट्यावरचा एकही फोटो मी काढलेला नाही. आता अनेक स्पर्धा असे फोटो घेतच नाहीत, हे फार चांगलं झालं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावणं हेही तितकंच वाईट. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय. खाणं टाकून, मादीला सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. पाच मिनिटांच्या फोटोपायी त्याची सगळी सकाळ वाया जाते. सावर फुललेली असताना असं करायची गरजच काय? तिच्यासमोर गप्प बसलात तर अर्धं रान तुमच्या पुढ्यात येतं.

तुमच्या गावाजवळ, वाडीच्या वाटेवर, एखाद्या ओढ्याकाठी सावर नाहीतर पळस असेलच. येत्या फाल्गुनात एक रविवार उजाडण्यापूर्वी तिथे जा, दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर तसेच जा. चैत्रात माळावरून चालताना टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर तिथेच थांबा, पायाखाली पाहा आणि आल्या वाटेने मागे फिरा. आणि अंडी कुठे आहेत त्याचं लोकेशन कुणालाही पाठवू नका, मलाही नको.