चिकटवही

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात नाना प्रकारच्या वह्या असतात. गणिताची वही असते, शुद्धलेखनाची असते, नकाशांची असते. या सर्व वह्या शिक्षकांच्या आज्ञेने भरल्या जातात. परंतु एखाद्या घरी, कपाटाच्या तळाशी किंवा उशीखाली, आणखी एक वही सापडते. ती कोणी तपासत नाही, तिला गुण मिळत नाहीत, आणि तरीही तिच्या मालकाला ती सर्व वह्यांहून प्रिय असते. ती वही म्हणजे चिकटवही.

चिकटवहीचा थाट काही औरच! मिटली तरी ती पुरती मिटत नाही. भाकरीसारखी टम्म फुगलेली असते. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मुलीची चिकटवही उघडून पाहावी. एका पानावर तिकिटे, दुसऱ्यावर पिंपळाचे जाळीदार पान, तिसऱ्यावर आजोबांच्या कारखान्यातील जुना पास, चौथ्यावर आकुर्डीला मुक्कामास आलेल्या पालखीचे वर्तमानपत्रातील चित्र. शेजारच्या मैत्रिणीने गाव सोडून जाताना दिलेली राखी एका कोपऱ्यात डकवलेली असते. परक्या माणसाला हा सारा केरकचरा वाटेल. वस्तुतः त्या प्रत्येक कपट्यामागे एक माणूस उभा असतो.

कागद ही मोठी नाशवंत वस्तू आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असतो. त्यातील एका द्रव्यामुळे ऊन आणि हवा लागताच तो पिवळा पडतो व पुढे पापडासारखा तुटू लागतो. यंत्रातून सरकन बाहेर येणारे आजचे तिकीट तर त्याहून अल्पायुषी. त्यावर शाई नसतेच; उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि काही महिन्यांत अक्षरे पुसट होऊन कोरा कागद उरतो. खळीने चिकटवावे तर ती पिठाची असल्यामुळे कसर तिच्यावर ताव मारते. म्हणूनच जुने पुस्तकबांधणीचे कारागीर खळीत मोरचूद घालीत. अमेरिकेतील विनोदी लेखक मार्क ट्वेन यालाही या खळीच्या खटाटोपाचा कंटाळा आला असावा. त्याने पानांवर आधीच डिंक लावलेली चिकटवही योजली आणि 1873 साली तिचे एकस्वही मिळवले. पान ओले करावे आणि कात्रण दाबावे, इतके ते सोपे होते.

आपल्याकडे छापील कागद येण्यापूर्वीही असा संग्रह करणारी माणसे होतीच. त्यांच्या वहीला ‘बाड’ म्हणत. लांबट आकाराच्या कागदांची शिवण घातलेली ही वही. तिच्यात अभंग असत, आरत्या असत, एखाद्या औषधाचा पाठ असे, देण्याघेण्याचा हिशेबही असे. जे आवडले, जे उपयोगी पडले, जे विसरू नये असे वाटले, ते बोरूने बाडात उतरवायचे, एवढाच नियम. चिकटवही ही या बाडाचीच धाकटी बहीण म्हणावी.

अशा एका वहीची गोष्ट याच परिसरातील आहे. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आणि अवजड वाहनांची रीघ डोळ्यांपुढे येते. फार झाले तर कांद्याचा बाजार आठवतो, किंवा 1660 साली शायिस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळ्याने झुंजवलेला किल्ला आठवतो. परंतु त्या रणाच्या काही वर्षे आधी याच चाकणमध्ये तेलाचा घाणा चालवणारा एक तरुण राहत होता. त्याचे नाव संताजी जगनाडे. घाण्याला बैल जुंपावा, तीळ-करडई गाळावी, तेल विकावे आणि संसार चालवावा, असा त्याचा वडिलोपार्जित व्यवसाय.

इंद्रायणीकाठच्या देहू गावात त्या काळी तुकाराम महाराज कीर्तन करीत. संताजी त्यांच्याहून सुमारे सोळा वर्षांनी लहान. एकदा त्यांचे कीर्तन ऐकले आणि संताजींचे मन पालटले. परंपरा अशी सांगते की, घरदार सोडून महाराजांच्या मागे जाण्याचा विचार त्यांच्या मनात आला. पण संसार टाकण्याची गरज नाही, घाणा चालवता चालवताही देवाचे नाव घेता येते, असा उपदेश महाराजांनी केला. संताजींनी तो मानला. घाणा थांबला नाही, घर मोडले नाही. मात्र तुकारामांच्या मागे टाळ घेऊन उभ्या राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांत आता चाकणचे संताजीही उभे राहू लागले.

संताजींजवळ एक गोष्ट होती, जी त्या काळी खेडोपाडी दुर्मीळ होती. त्यांना लिहिता येत होते. हिशेब ठेवण्यासाठी शिकलेले ते अक्षर एका मोठ्या कामी आले. तुकारामांच्या मुखातून अभंग निघत, आणि संताजी ते आपल्या वहीत उतरवून घेत. खेड तालुक्यातील कडूस गावचे गंगारामपंत मवाळ हेही असेच लिहून घेणारे. त्या काळी शाई काजळी आणि डिंक खलून करीत. तेव्हा तेल गाळणाऱ्याच्या घरी काजळीला काय तोटा! दिवसभर घाण्याची करकर, रात्री दिव्यापाशी बोरूची कुरकुर. अशा दोन नादांत ते आयुष्य गेले असावे, अशी कल्पना मनात आल्यावाचून राहत नाही.

हे लिहिणे म्हणजे नुसती नक्कल नव्हती. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे भाविक सांगतात. लोकांच्या मुखी आणि मित्रांच्या वह्यांत ते अभंग होते म्हणून ते बुडू शकले नाहीत, असे दुसरे कोणी सांगतात. दोन्हींपैकी कोणतेही मानले, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. शब्द जेव्हा एकाच ठिकाणी असतो तेव्हा त्याला भय असते. स्नेह्याने तो आपल्या घरी नेऊन ठेवला की त्याला दुसरे घर मिळते. मित्राच्या सुखात वाटा घेणारे पुष्कळ असतात. मित्राचे शब्द सांभाळणारा विरळा.

संताजींच्या पश्चात या वह्यांचे काय झाले? येथे कुटुंबाचे काम सुरू होते. संताजींचा मुलगा बाळाजी यानेही अभंगांच्या वह्या लिहिल्या. पुढच्या पिढ्यांनी त्या फडक्यात बांधून ठेवल्या. घरे बदलली असतील, पावसाळे आले असतील, उंदीर-वाळवीची धास्ती असेल. तरी कोणीतरी दर वेळी ते गाठोडे उचलून कोरड्या जागी ठेवले. त्या माणसांची नावे इतिहासात नाहीत. घराण्यातील कोणा सुनेने, कोणा आजीने ते गाठोडे उन्हात धरले असेल, याची नोंद कोण ठेवणार? पण ते हात नसते तर वह्याही नसत्या.

इंग्रजी अमदानीत 1869 ते 1873 या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामांच्या अभंगांची मोठी गाथा दोन भागांत छापली गेली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या जुन्या हस्तलिखितांचा आधार तिला घेतला होता. म्हणजे गावोगावच्या बाडांनीच ही गाथा उभी केली. त्यानंतर ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे पुढे आले. यांनी सहकाऱ्यांसह 1893 साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले होते, आणि जुन्या कागदांचा शोध हा त्यांचा ध्यास होता. जगनाडे घराण्याने जपलेल्या वह्या त्यांच्या हाती आल्या. त्यातील लेखन पंडितांनी सुधारलेले नव्हते. बोलीचे वळण त्यात जसेच्या तसे होते. भाव्यांनी ते न बदलता 1919 आणि 1920 या साली ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ या नावाने दोन भागांत छापले. सुमारे पावणेतीनशे वर्षे फडक्यात राहिलेली एका मित्राची वही अशी साऱ्या मराठी वाचकांची झाली. आज देहूच्या गाथा मंदिरात भिंतीभिंतींवर अभंग कोरलेले दिसतात. संगमरवरावर कोरलेली ती अक्षरे वाचताना, त्यांच्या मुळाशी दिव्याच्या उजेडात लिहिलेले कागद आहेत, हे विसरता येत नाही.

जपण्यामागे कधी मैत्री असते, तर कधी दुःखही असते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. जन्म 1896 चा. चष्म्यांचे दुकान हा त्यांचा व्यवसाय. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. सुमारे 1920 पासून त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. सोने-नाणे नव्हे, तर घरातील रोजच्या वस्तू: अडकित्ते, दिवे, दौती, पानदाने, फण्या, पाय घासण्याच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे. लोकांनी माळ्यावर टाकलेल्या वस्तू हे गृहस्थ आदराने उचलून आणीत. त्यांच्या पत्नी कमलाबाई या उद्योगात त्यांच्या बरोबरीने होत्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहान वयातच गेला. अशा वेळी एखाद्या घराने दारे मिटून घेतली असती. केळकर दांपत्याने उलट केले. आपला सारा संग्रह त्यांनी मुलाच्या नावे केला आणि घराची दारे सर्वांना उघडली. 1962 साली राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. 1975 साली तो सर्व ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंची ती एक प्रचंड चिकटवहीच आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावर एका लहान मुलाचे नाव आहे. हजारो मुले आज तेथे जाऊन मयूराकृती दिवे आणि मस्तानी महाल पाहतात, तेव्हा ती राजाच्याच घरी पाहुणी जात असतात.

संताजी आणि केळकर यांची कामे मोठी होती, लहानग्या चिकटवहीची त्यांच्याशी काय तुलना, असे कोणी म्हणेल. पण संताजी पहिली ओळ लिहीत होते तेव्हा ती तीनशे वर्षांनी छापली जाईल, हे त्यांना कोठे ठाऊक होते? केळकरांनी पहिला अडकित्ता घरी आणला तेव्हा संग्रहालयाचा आराखडा त्यांच्या खिशात नव्हता. आवडत्या माणसाची, जुन्या कारागिराची आठवण पुसली जाऊ नये, एवढाच भाव तेथे होता. तो भाव बालवयातही तितकाच खरा असू शकतो.

पिंपरी-चिंचवडसारख्या नगरात तर या वहीची गरज अधिकच. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिन तयार करण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था निघाली. मागोमाग भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखाने उभे राहिले. 1982 साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणचे माळही यंत्रांनी गजबजले. कोणी मराठवाड्यातून आले, कोणी खानदेशातून, कोणी बिहार-ओरिसाकडून. एका चाळीत, एका सोसायटीत कितीतरी गावे एकत्र नांदतात. येथे शेजार जमतो आणि बदलीबरोबर विस्कटतो. बाकावर शेजारी बसणारा मित्र वर्ष संपताच दुसऱ्या गावी जातो. त्याने दिलेली पतंगाची एक कांबटी, त्याच्या अक्षरातले एक गणित, आजारपणात त्याच्या आईने पाठवलेल्या डब्यावरील चिठ्ठी, हे जपले नाही तर त्या मैत्रीचा मागमूस कोठे राहणार?

मात्र नुसते चिकटवणे पुरे नाही. कात्रणाखाली दोन ओळी लिहाव्या लागतात: हे कोणी दिले, केव्हा दिले, आणि त्याने आपले काय भले केले. ज्या चित्राखाली नाव नाही ते काही वर्षांनी परके होते. पाळीवरून पहाटे परतणारे वडील, रात्री जागून वही शिवून देणारी आई, रस्ता ओलांडून देणारा चौकातील पोलीस, फाटलेले दप्तर फुकट शिवणारा चर्मकार, यांचे आभार तोंडाने मानायला संकोच वाटतो. वहीला तो संकोच नसतो. आणि एखाद्या दिवशी धीर करून ते पान त्या माणसापुढे उघडावे. आपले नाव कोणी लिहून ठेवले आहे, हे पाहून कष्टाळू माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते तेव्हा समजते.

संताजींच्या वह्यांत तुकारामांचे शब्द आहेत; स्वतः संताजींविषयी त्यात फारसे काही नाही. तरीही वह्या उघडल्या की दोघांची आठवण एकदमच होते. दुसऱ्याचे नाव मनापासून जपणाऱ्याचे नाव त्याच पानावर, न लिहिताही, राहून जाते.