बाप्पाला पट्टा, ओवीला मांडी

कोकण रेल्वेचं गणपतीचं बुकिंग उघडलं तेव्हा मी ऑफिसात लॅपटॉपसमोर बोटं सरसावून बसले होते. तीन मिनिटांत वेटिंग लिस्ट! दरवर्षीचीच गोष्ट. मग रात्री जेवताना निखिल अगदी सहज म्हणाला, "गाडी काढूया की!" ठाणे ते चिपळूण, तिथून आत आमचं गाव. गाडीत आम्ही दोघं, सासूबाई आणि अडीच वर्षांची ओवी.

तुमच्यापैकी ज्यांना गाव आहे, मूल आहे आणि हप्त्यावर घेतलेली छोटी गाडी आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. त्या रात्री झोपेऐवजी शॉपिंग होतं. पोर गाडीत कशी बसणार, काय खाणार, उन्हाचं काय, उलटीचं काय? या प्रत्येक प्रश्नावर बाजारात एकेक वस्तू आहे, आणि आपण वेळ देऊ शकत नाही याचा गिल्ट असला की प्रत्येक वस्तू गरजेची वाटते. मी साडेदहा हजारांची कार सीट घेतली. शिवाय खिडकीच्या जाळ्या, मागचं दिसणारा आरसा, प्लास्टिकचा ट्रे आणि ते पिवळं 'बेबी ऑन बोर्ड'चं स्टिकर.

सीट घरी आली आणि आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) चेहरा पडला. "अगं, एवढीशी ती. तिला बांधून नेणार? निखिलला मी मांडीवर घेऊन एसटीने गावाला नेलाय, काही झालं नाही त्याला." यावर काय बोलणार? तो समोर धडधाकट बसून वडा खात होता.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिथे दोन वर्षांच्या आतलं मूल तीस पौंडांचं होईपर्यंत मागे तोंड केलेल्या सीटमध्येच बसवावं लागतं, तसा कायदाच आहे. तिला बाळ झालं तेव्हा हॉस्पिटलमधून घरी निघायच्या आधी गाडीतली सीट तयार आहे ना, हे विचारायला नर्स आली होती. आपल्याकडे नर्स विचारते, "पेढे कुठायत?" पण कायदा आपल्याकडेही आहे बरं का! २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात १९४ ब हे कलम आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. मी आजवर एकालाही तो भरताना पाहिलेलं नाही.

ती मागे तोंड करून बसवायची भानगड मला आधी विचित्र वाटायची. पण तिची गोष्ट मजेशीर आहे. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी साठच्या दशकात टीव्हीवर अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाहिले. यान सुटताना ते पाठीवर रेललेले असायचे, म्हणजे सगळा जोर पाठभर पसरायचा. तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. मग त्यालाही तसंच का बसवू नये? १९६४ मध्ये त्यांनी तशी सीट करून पाहिली. म्हणजे आपलं पोर बसतं ती खुर्ची अंतराळवीरांची आहे. ओवी तेरा किलोची झाली होती, आमच्या सीटच्या मापाप्रमाणे पुढे तोंड करायला चालणार होतं. तिला मी सांगितलं, ही रॉकेटची खुर्ची. काम फत्ते!

सीट गाडीत बसवणं मात्र फत्ते नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटच्या खाचेत लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्याला. त्यात सीटचे हुक खट्टकन बसतात आणि हिरवी खूण दिसते. आमच्या गाडीत त्या कड्या होत्या, पण डीलरने फुकट घालून दिलेल्या सीट कव्हरखाली गडप झालेल्या. निखिलने एका बाजूचं कव्हर उचकटलं. एवढं करून सीट धरून हलवली, तर बोटभरही हलली नाही. मग ओवीला बसवून पट्टे ओढले. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढायचा. चिमटीत पट्टा आला तर सैल आहे, अजून ओढा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी माहितीपत्रक हरवलं तरी चालेल.

सोमवारी पहाटे चारला निघालो. मागे आई, शेजारी रॉकेटमध्ये ओवी, पुढे आम्ही. पनवेल सोडून पळस्पे फाट्याला वळलो, कर्नाळ्याच्या जंगलात काचेवर धुकं. पुढे ट्रॅव्हल्सच्या बसेसची रांग, मागे गोणपाट बांधलेले टेम्पो आणि मध्ये आम्ही. खरेदीतल्या अर्ध्या वस्तू इथेच निकालात निघाल्या. आरशामुळे निखिल रस्त्यापेक्षा लेकीकडे जास्त बघायला लागला, तो मी काढूनच टाकला. खिडकीच्या जाळ्या दर दहा मिनिटांनी पडायच्या, त्यांच्यापेक्षा माझी ओढणी बरी. ट्रेवरची खेळणी धडक बसली तर दगडासारखी उडतील हे लक्षात आलं, म्हणून ट्रे डिकीत. स्टिकर बघून एकाही ट्रकवाल्याने हॉर्न कमी वाजवला नाही. पैसे वसूल झाले ते सीटचे, आणि दाराच्या कडेला असलेल्या त्या इवल्याशा चाइल्ड लॉकचे, जो गाडीबरोबर फुकटच येतो. त्या लॉकपायी पेणला आई आतून दार उघडत बसल्या आणि आम्ही बाहेर चहा पीत होतो. "मला कोंडून ठेवलंत!" हे पुढे वडखळपर्यंत चाललं.

पेणला थांबायचं कारण बाप्पा. आमच्या घरी मूर्ती पेणचीच लागते. फूटभर उंचीची, शाडूची. कारखान्यांत रात्रभर दिवे होते, कुणी डोळे आखत होतं, कुणी मूर्ती गाडीत नीट ठेवून देत होतं. ओवी झोपली होती. "राहू दे तिला गाडीत, पाच मिनिटांचा तर प्रश्न," असं निखिल म्हणाला आणि मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. पहाट होती, पाऊस होता, सगळं खरं. पण कारखान्यातली पाच मिनिटं कधीच पाच मिनिटं नसतात. तिला कडेवर घेतलं. (रोज पाळणाघरात सोडणाऱ्यांसाठी एक बिनपैशाची युक्ती: आपली ऑफिसची बॅग मागे मुलाशेजारी ठेवायची. डोक्यात मीटिंग असली तरी बॅग घ्यायला मागचं दार उघडावंच लागतं.)

मूर्ती रुमालाने झाकून आईंनी मांडीवर घेतली आणि तशीच पुढचे कितीतरी तास धरली. वडखळ, नागोठणे, कोलाड. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि आम्ही गेलो त्या २०२५ च्या गणपतीतही जागोजागी डायव्हर्जनच्या पाट्या होत्या. माणगावला दीड तास गाडी चालली कमी, उभीच जास्त. ओवीने दोन केळी, एक पुडा बिस्किटं आणि माझी सगळी गाणी संपवली. महाडजवळ सावित्रीचा पूल आला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये रात्री जुना पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर एसटी गेल्या. आई तिथे दरवेळी हात जोडतात. या वेळी मांडीवर बाप्पा, म्हणून नुसती मान झुकवली.

कशेडीला आता बोगदा झालाय, पूर्वीची ती पोटातली ढवळाढवळ वाचली. खेड, लोटे, आणि मग परशुराम घाट. घाटातून खाली वाशिष्ठीचं वळण आणि हिरव्या गर्दीत चिपळूण दिसतं, त्या क्षणी मला दरवर्षी आपण माहेरी आल्यासारखं वाटतं, गाव सासरचं असूनही!

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं होतं, चुकले ते यापुढे.

चिपळूणला वडापाव घ्यायला थांबलो. दहा तास झाले होते. ओवीने अंग ताठ करून सीटमध्ये बसायला नकार दिला, आणि पुढे जो सूर लावला तो सगळ्या बाजारपेठेने ऐकला. आईंचे गुडघे मूर्तीच्या भाराने आखडले होते. त्याच म्हणाल्या, "असं कर, बाप्पाला त्या खुर्चीत बसव, पट्टा लाव. आणि तिला तू घे. घर आलंच आता, अकरा किलोमीटर तर राहिलेत." निखिल म्हणाला, "हळूच जाऊ." मी हो म्हटलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे इथे लिहून ठेवते.

बाप्पाला मी स्वतः बसवलं. दोन्ही बाजूंना चादरी लावल्या, पट्टे ओढले आणि सवयीने चिमटासुद्धा काढून बघितला. मग पुढच्या सीटवर ओवीला मांडीवर घेऊन बसले.

गावाकडचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे भातशेती. ओवी लगेच गप्प झाली. फोनला रेंज आली आणि सकाळपासूनचे मेसेज धडाधडा पडले. बॉसचा होता, एका आकड्याबद्दल विचारलं होतं, दोन शब्दांचं उत्तर. एका हाताने ओवी, एका हाताने टाइप. वळणावर समोरून एसटी आली आणि निखिलने ब्रेक मारला.

धडक नाही झाली. एसटीवाला हात करून निघूनही गेला. गाडी तिशीत होती फार तर. पण ओवी माझ्या हातातून साबणासारखी निसटली आणि तोंडावर डॅशबोर्डवर आपटली. ओठ फाटला, पुढचा एक दात हलला. माझ्या टी-शर्टवर रक्त होतं आणि हातात फोन तसाच होता.

मागे वळून बघितलं. बाप्पा जागचा हलला नव्हता. सोंडेला चरासुद्धा नाही.

डॉक्टरांनी ओठाला एक टाका घातला, दात आपोआप बसेल म्हणाले, आणि तो बसला. चतुर्थीला ओवी सुजलेल्या ओठाने "मंगलमुल्ती" ओरडत होती. पण मला रात्री झोप येईना. निखिल इंजिनीअर, त्याला हिशेब मांडला की बरं वाटतं, म्हणून ओटीवर बसून त्याने मांडला. तिशीतला ब्रेक म्हणजे ओवीचा पुढे जायचा जोर फार तर दहा किलोचा. मी जिममध्ये याच्या दुप्पट उचलते. पण जिममध्ये मला आधीपासून माहीत असतं, आणि दोन्ही हात मोकळे असतात. आता हीच गाडी ५० च्या वेगाने कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धर, तो म्हणाला. तेरा किलोची ओवी त्या क्षणी अडीचशे किलोंहून जड होते. गाडीच्या दृष्टीने तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखंच ते. अडीचशे किलो कुठली आई धरणार? शिवाय मी बसले होते एअरबॅगसमोर. ती उघडते पापणी लवायच्या आत, आणि माझ्या नि तिच्या मध्ये होती ओवी. तो विचार मी अजून शेवटपर्यंत नेलेला नाही.

आई आतून ऐकत असाव्यात. त्या मला काही बोलल्या नाहीत, मीही त्यांना नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मोदक वळताना म्हणाल्या, "मांडीवर पोर आहे म्हटलं की आपल्याला वाटतं, घट्ट आहे." आणि पुढच्या मोदकाला कळ्या पाडायला लागल्या.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, परतायची सकाळ आली. ओवीला सीटमध्ये बसवलं. तिने अंग ताठ केलं, रडली, पार कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत रडली आणि थकून गप्प झाली. रडू दिलं. पण ते निघाल्यानंतर. निघायच्या आधी अर्धा तास गेला तो आईंमुळे. गाडीत बसून त्या इकडेतिकडे चाचपत होत्या. "माझा पट्टा कुठाय?"

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा मागे बसलेले दोघं गेले आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात सगळे मागच्या पट्ट्यावर बोलत होते. आणि आमच्याच गाडीत, ओवीच्या बाजूचं कव्हर सोडलं तर, मागच्या पट्ट्यांची खालची टोकं त्या गुबगुबीत फुकट कव्हरखाली गाडलेली होती. वर्षानुवर्षं! मागे बसलेल्या एकाही पाहुण्याने कधी विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं.

बाबा घरातून ब्लेड घेऊन आले. कव्हरला सरळ चीर दिली, आत हात घालून चाचपलं आणि धुळीने माखलेलं बक्कल ओढून बाहेर काढलं. फुंकर मारली, धोतराच्या सोग्याला पुसलं. आईंनी पट्टा ओढला, खट्टकन आवाज झाला.

"मानेला काचतो गं," त्या म्हणाल्या. मग मी तो खांद्यावर सारून दिला. शेजारच्या रॉकेटमधून हुंदके देत देत ओवीने हात लांब केला आणि आजीच्या पट्ट्याला चिमटा काढून बघितला.