अम्मींच्या गुडघ्यांसाठी टब

अम्मींना वज्रेश्वरीच्या गरम कुंडांची जुनी सवय. आता गुडघे बस चढू देत नाहीत, म्हणून घरीच टब घ्यायचं ठरलं. उल्हासनगरच्या बाजारात हवा भरायचा मोठा टब मुलांना फार आवडला. मी पाण्याचं वजन मोजत होते. एक लिटर म्हणजे एक किलो. ३०० लिटर पाणी आणि त्यात अम्मी, म्हणजे ३५० किलोंच्या वर, तेही जेमतेम दीड चौरस मीटरवर! घरांचे स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून बांधतात, आणि आमची इमारत जुनी. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले होते, ते इकडे कोणी विसरलेलं नाही.

शिवाय वुजूचं पाणीही जपून वापरणाऱ्या अम्मींना ३०० लिटर ओतून देणं झेपलं नसतं. बारवी धरण बदलापूरजवळच असलं तरी आमच्या नळाला पाणी वेळेवरच येतं.

शेवटी ६० लिटरचा, जाड प्लास्टिकचा उंच टब घेतला. स्टुलावर बसलं की पाय गुडघ्यांपर्यंत बुडतात. १५ लिटरचा गिझर दोनदा तापला की पुरतं. साखरेमुळे अम्मींच्या तळपायांना चटका कळत नाही, म्हणून आधी माझं कोपर पाण्यात.

अम्मींची तक्रार एकच : याला गंधकाचा वास नाही.