हे किती कोस झालं?

दिवाळीच्या सुट्टीत मी तळेगावच्या घरी लॅपटॉपवर स्कायरिम खेळत बसले होते. आजी मागच्या पलंगावर पडून बघत होती. माझा घोडा व्हाइटरनहून निघाला, नदी ओलांडली, बर्फ लागला आणि समोर पुढच्या शहराची काळी तटबंदी दिसायला लागली. फार तर सात-आठ मिनिटं झाली असतील.

"हे दुसरं गाव हाय काय वं?"

"दुसरी जहागीर आहे आजी. इथला सरदार वेगळा. या दोघांचं भांडण चालू आहे."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग हे किती कोस झालं?"

मला सांगता येईना. त्या जगात मी शेकडो तास काढले होते. कुठल्या गुहेत काय सापडतं, कुठल्या खानावळीत कोण भेटतं, सगळं पाठ होतं. पण कोस किती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आजीला तो पहिल्या दहा मिनिटांत पडला, कारण ती चालणारी बाई होती.

आधी आमचं तळेगाव सांगते. पुण्यात 'मी तळेगावची' म्हटलं की लोक विचारतात, रोज लोकलने येतेस का? ते तळेगाव दाभाडे. आमचं तळेगाव श्यामजी पंत, वर्धा जिल्हा, आष्टी तालुका. पुण्याहून सहाशेहून जास्त किलोमीटर. नागपूर-अमरावती रस्त्यावर कारंजा सोडलं, सत्याग्रही घाट संपला, की आमचं गाव. इथून एक रस्ता आर्वीकडे जातो, एक आष्टीकडे. एस्टीचा डेपो आहे आणि माझे बाबा त्याच एस्टीत ड्रायव्हर होते. म्हणजे घरात अंतराचं काम दोन पिढ्यांचं. आजी पायी, बाबा स्टिअरिंगवर. मी तिसरी, माऊसवर.

त्या रात्री मी आजीसाठी हिशोब केला. २०११ साली आलेल्या स्कायरिमचा नकाशा साधारण ३७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे ढोबळमानाने ६ किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद. एकट्या वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात १७० स्कायरिम मावतात.

मग मी लॅपटॉपवर आमच्या भागाचा नकाशा उघडला आणि स्टँड मध्यभागी धरून त्यावर ६ बाय ६चा चौकोन ठेवला. आर्वी बाहेर. आष्टी बाहेर. कारंजा तर फारच बाहेर. नऊ जहागिरी, यादवी युद्ध, ड्रॅगन, हिमनद्या, हे सगळं आमच्या गावाच्या आणि आजूबाजूच्या शिवारात. आमच्या वावरात बर्फ आणि काकांच्या वावरात वसंत.

आजीला दाखवलं. कोस म्हणजे साधारण ३ किलोमीटर, तेवढं तिला स्टँडपासून चारी बाजूंना मोजून दिलं. "म्हंजे एका कोसात राज खतम," ती म्हणाली. "मंग हे लढून कायले राह्यले?"

यात बनवणाऱ्यांची चूक नाही, हेही सांगायला हवं. खरं अंतर खेळात घालून पाहिलेलं आहे. याच मालिकेतला १९९६चा डॅगरफॉल एक लाख साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. त्यात हजारो गावं होती. पण एवढी गावं माणसांनी हाताने रचणं शक्यच नव्हतं, ती बहुतेक संगणकाने नियमांनुसार रचलेली. दोन गावांच्या मध्ये तासन् तास सारखीच जमीन. तिथून पायी कोण जाणार? सगळे नकाशा उघडायचे, गावावर क्लिक करायचे आणि पोचायचे. एवढं मोठं जग, आणि ते कुणी पाहिलंच नाही.

म्हणून पुढच्या खेळांनी जग लहान केलं आणि भरलं. 'विचर ३' बनवणाऱ्यांनी तर सांगितलंय की खेळणाऱ्याला साधारण दर ४० सेकंदांनी काहीतरी दिसायला हवं, असा त्यांचा अंदाज होता. हरणं, डाकू, पडकं घर, काहीही. आणि जग लहान केलं की वेळही दाबावा लागतो. स्कायरिममधला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो. त्यामुळे सकाळी निघालेला घोडा 'दुपारी' पोचतो आणि आपल्याला वाटतं, बराच प्रवास झाला. ६ किलोमीटरचा देश मोठा वाटतो तो अशा घड्याळामुळे, मध्ये आडव्या घातलेल्या डोंगरामुळे, वळणाच्या रस्त्यामुळे. मला ही फसवणूक आवडते. आमच्या घाटातही सरळ रेषेत जवळ असलेलं गाव वळणांमुळे लांब वाटतंच की.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या २०१७च्या खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचे. खेळाचं जग किती मोठं ठेवायचं हे ठरवताना त्यांनी क्योटोचा नकाशा त्या जगावर ठेवून पाहिला. अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जायला मला किती वेळ लागतो, हे त्यांना अंगाने माहीत होतं. ते वाचल्यावर मी घरातल्या तिघांना एकच प्रश्न विचारला. तळेगाव ते आर्वी किती?

मी स्वतः फोन न बघता म्हटलं, वीसेक मिनिटं. बाबा म्हणाले, कोणत्या गाडीनं? बाजाराच्या दिवशी का रोजच्या दिवशी? आजीने आकडा सांगितलाच नाही. ती लहानपणी बैलगाडीतून कापसावर बसून आर्वीला गेली होती. कुठे अंधार पडायचा, कुठे बैलांना पाणी दाखवायचे, कुठल्या आंब्याखाली भाकर सोडायचे, ते तिने सांगितलं. रस्ता एकच. कुणी मिनिटांत मोजला, कुणी पॅसेंजरांत, कुणी थांब्यांत.

बाबांना मी 'डेझर्ट बस'बद्दल सांगितलं. १९९५ साली तयार झालेला, पण बाजारात कधीच न आलेला हा खेळ. अमेरिकेतल्या टुसॉनहून लास वेगासला बस न्यायची. खरोखरचे ८ तास. वेग ताशी ७२ किलोमीटरच्या वर जात नाही. रस्ता सरळ, पण बस सारखी उजवीकडे ओढते, म्हणून हात काढता येत नाही. खेळ थांबवायचीही सोय नाही. पोचलात की एक पॉइंट. ही मुद्दाम केलेली थट्टाच होती.

बाबा हसले. "मंग आमाले रिटायर होईपर्यंत किती पॉइंट झाले असते?" मग ड्रायव्हरसारखा प्रश्न त्यांनी विचारला. "पॅसेंजर किती त्यात?"

"पॅसेंजर नाहीतच बाबा. रिकामी बस."

"हॅट्. मंग ते कायची ड्युटी? ते तं गाडी डेपोत नेऊन लावनं झालं."

मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता आजीचं चालणं. आर्वीच्या पलीकडे, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी, रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. १५९४पासून, असं सांगतात. आजी त्या पालखीबरोबर सात वेळा पायी गेली. सरळ रेषेत मोजलं तरी पावणेपाचशेच्या घरात किलोमीटर, रस्त्याने त्याहून बरंच जास्त. महिनाभर तरी रोजचं चालणं.

आणि याच कौंडण्यपूरच्या कथेत मला फास्ट ट्रॅव्हल सापडलं. भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवते. कृष्ण त्यालाच रथात घेतो आणि आनर्त देशातून विदर्भात येतो. किती वेळात? एका रात्रीत. द्वारका ते कौंडण्यपूर सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्र १२ तासांची धरली तर रथ ताशी ८०ने, न थांबता.

आजीला हे गणित सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "देवाले एक रात, आपल्याले एक महिना," ती म्हणाली. "पन तो निरोप घेऊन गेलता ना, त्याच्या पायाचं कोनी नाई लिहून ठेवलं."

गुडघे गेल्यापासून तिची वारी बंद झाली होती. ज्येष्ठ लागला की ती चिडचिडी व्हायची, जेवायची नाही. मी जुनी गाडी घेतली तेव्हाच ठरवलं, हिला पंढरपूर दाखवायचं. मागच्या डिसेंबरात चार दिवसांची रजा काढली. संध्याकाळी ५ला निघालो. मागच्या सीटवर उशी, पांघरूण, गुडघ्याचा पट्टा. यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर. मी आणि चुलतभाऊ आलटून पालटून चालवत होतो. उजाडताना पंढरपूर. एका रात्रीत. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मनातल्या मनात मी त्या रथाची बरोबरीही करून घेतली.

चंद्रभागेवर आजीने पाय बुडवले. दर्शन झालं. बाहेर येऊन ती एका पायरीवर बसली. मी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं वं. आली तं खरी," ती म्हणाली. "पन पोचल्यावानी वाटून नाई राह्यलं."

मला राग आला. रजा, पेट्रोल, रात्रभराचं जागरण, आणि हे ऐकायचं? मी काही बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार. थोड्या वेळाने तीच बोलली. "तसं नाई पोरी. चालत आलं का देवाले सांगाले असते. कोनाच्या घरी भाकर खाल्ली, कोनाची सून बाळंत झाली, कोनाचा पोरगा गेला, समदं सांगाचं असते. तेच तं घेऊन येतो आपन. ह्या खेपेले काय सांगू? गाडीत झोपली होती म्हनून?"

तेव्हा मला बाबांची रिकामी बस आठवली. डॅगरफॉलची हजारो गावंही आठवली. अंतर खरं आहे की खोटं, ६ किलोमीटर की ६००, यावर मी इतके दिवस हिशोब करत होते. आजीचा प्रश्न तो नव्हताच. कोस विचारताना ती विचारत होती, मध्ये कोण लागलं? चार कोस म्हणजे तिच्यासाठी चार मुक्कामांची देणीघेणी. माझा घोडा बर्फातून धावत गेला तेव्हा वाटेत लांडगे भेटले, डाकू भेटले, दर ४० सेकंदांनी कुणी ना कुणी भेटलं. पण त्यातल्या कुणाकडे मला परत जायचं नव्हतं, आणि कुणी माझी वाटही बघत नव्हतं.

फास्ट ट्रॅव्हल वाईट, असं मी म्हणणार नाही. बाबांच्या छातीत दुखलं होतं तेव्हा चौपदरी रस्त्याने आम्ही त्यांना वेळेत नागपूरला नेलं. जुन्या रस्त्याने काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. तेव्हा मधलं काहीच नको होतं. फक्त दोन टोकं हवी होती.

पण त्या दिवशी पंढरपुरात घाई कुणालाच नव्हती. मी आजीला विचारलं, "तुझे मुक्काम कुठे कुठे होते, आठवतात?"

परतीला आम्ही तिच्या पायवाटेने निघालो. तिला गावांची नावं निम्मी आठवत होती, खुणा मात्र पक्क्या होत्या. गुगल मॅप्सला 'विहिरीपाशी वळल्यावर मारुतीचं देऊळ' कळत नाही. चुलतभाऊ वैतागला. पहिल्या गावातली शाळा, जिच्या व्हरांड्यात ती झोपायची, पाडून नवीन बांधली होती. दुसऱ्या गावातल्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळे पुण्याला गेले. तिसऱ्या ठिकाणी रात्र झाली होती. दार उघडणारी बाई आईच्या वयाची. तिने आजीकडे पाहिलं, मग ओट्यावरचा दिवा लावून परत पाहिलं.

"वर्धेकडच्या आजी ना? पायाला तेल लावायला सासूबाई बसायच्या, त्या?"

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आजी ओट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग दोघी आत गेल्या. आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा रात्रीचे १० वाजून गेले होते. आम्ही तिथेच झोपलो.

तळेगावला पोचायला ३ दिवस लागले. माझी रजा एक दिवस वाढली. बाबा फाटकात उभे होते. त्यांनी आधी गाडीचं मीटर वाकून बघितलं, मग मला म्हणाले, "एवढ्या टाइमात तं म्या दोन खेपा केल्या असत्या."

आजी गाडीतून उतरताना त्यांच्या खांद्याला धरून म्हणाली, "तुह्या खेपा राहू दे. ते सोयरीन गेली आपली. पुढच्या बारीले देवाले सांगा लागते."