मागच्या आसनाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आईने आमच्या मोटारसायकलवर मागे बसणे सोडले. कारण विचारले तर म्हणाली, "वय झालं रे आता. तू जा, मी घरीच बरी." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडी हे उत्तर इतके स्वाभाविक वाटले की त्यामागे आणखी काही असेल अशी शंकाही आम्हाला आली नाही. रविवारी मिस्सेला ती शेजाऱ्यांबरोबर रिक्षातून जाऊ लागली. मोडला तो तिचा गुरुवारचा नेम. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये तिची थोरली बहीण, आमची मावशी, राहते. मावशीचे यजमान अंबरनाथच्या विमको काडेपेटीच्या कारखान्यात नोकरीला होते. वसई सोडून ती इकडे आली ती तेव्हाच. आता ती अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी दोघी बहिणी तासभर हातात हात घेऊन बसत आणि वसईतल्या विहिरी, वाड्या, माणसे एकेक करून आठवत. त्यानंतर कित्येक महिने ते बसणे झाले नाही.

आमचे चिखलोली अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये आहे. या दोन स्थानकांतले अंतर लोहमार्गाने सुमारे ८ किलोमीटर. आमच्या गावच्या माणसाने आजवर गाडी पकडली ती या नाहीतर त्या टोकाला जाऊन. त्यामुळे दुचाकी ही आमच्याकडे चैनीची वस्तू नव्हे; ती घरातल्या पायताणासारखी आहे. औद्योगिक वसाहतीच्या अवजड वाहनांनी दाबलेला रस्ता, पावसाने उघडे पाडलेले खड्डे, कुठे वर आलेले पेव्हर ब्लॉक आणि जागोजागचे गतिरोधक यांची आम्हाला इतकी सवय झालेली की त्यांचा उल्लेख करणेही आम्ही सोडून दिले होते.

खरा प्रकार उघडकीस आला तो एका वेगळ्याच तक्रारीतून. रात्री सौभाग्यवतींना स्थानकावरून घेऊन येताना समोरचे वाहनचालक आमच्यावर दिवे मिचकावू लागले. आमच्या दिव्याचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांवर पडत होता. एकटे असलो की मात्र दिवा ठीक असे. जिथे आम्ही नेहमी सर्व्हिसिंग करतो तिथे सांगितले तेव्हा त्यांनी गाडी धुऊन दिली आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलण्याचा सल्ला दिला. खर्च ऐकून आम्ही तो विचार लांबणीवर टाकला आणि वसाहतीच्या कडेला एका जुन्या मेकॅनिकच्या गॅरेजात गेलो. त्या दिवशी सौ. बरोबर होत्या.

त्याने दिव्याला हातही लावला नाही. विचारले, "मागे नेहमी कोण बसतं?" आधी आम्हाला एकट्याला गाडीवर बसवले, मग सौ.ना बसवले, आणि स्वतः खाली उकिडवा बसून मागच्या चाकाकडे पाहत राहिला. "सर, गाडी घेतल्यापासून ही खाच कधी बदलली?" आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहू लागलो. खाच नावाची काही गोष्ट तिथे असते हेच आम्हाला सहा वर्षांत ठाऊक झालेले नव्हते.

मागच्या शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात. बाहेरची जाड स्प्रिंग वजन तोलते. आतली तेलाची नळी स्प्रिंगची उसळी आवरते. स्प्रिंगच्या एका टोकाशी जिन्यासारख्या पायऱ्या कापलेली एक कडी असते. आमच्या गाडीला अशा ५ खाचा आहेत. आकडीच्या पान्याने कडी फिरवली की ती एकेक पायरी चढते आणि स्प्रिंग तितकी आधीच दाबून ठेवते. आमची कडी अगदी खालच्या, पहिल्या खाचेवर होती. एकट्या माणसाने हिंडावे यासाठी ती जागा ठीक; पण त्या गाडीने सहा वर्षे दोन माणसे वाहिली होती.

आम्ही म्हणालो, "पण पहिली खाच सर्वांत मऊ ना? मग आराम तिथेच मिळायला हवा." तो हसला. त्याने कड्या चौथ्या खाचेवर नेल्या, दोन्ही बाजूंना सारख्या, आणि म्हणाला, "आता दोघं जाऊन या." परतलो तेव्हा दिव्याचा झोत रस्त्यावर आला होता आणि सौ. गप्प झाल्या होत्या.

आमचा समज कुठे चुकला ते घरी येऊन आम्ही कागदावर मांडून पाहिले. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ साली स्प्रिंगचा नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. नियम साधा आहे: स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. खाच बदलल्याने हे प्रमाण बदलत नाही, म्हणजे स्प्रिंग मुळीच अधिक कडक होत नाही. बदलते ते एवढेच की वजन पडल्यावर गाडी किती खोल बसते. पहिल्या खाचेवर दोन माणसे बसली की स्प्रिंगची निम्मी चाल बसण्यातच खर्च होते. मग खड्डा आला की उरलेली चाल क्षणात संपते आणि आतला रबरी ठोकळा थाडकन आदळतो. जो मऊपणा आम्ही राखून ठेवला होता, त्याच्या तळाशी हा दगड होता.

दुसऱ्या दिवशी शिंप्याची मोजपट्टी घेऊन आम्ही खात्री करून घेतली. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि चाकाच्या आसापासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे. मग माणसे बसवून तेच अंतर पुन्हा मोजायचे. जितके कमी भरेल तितकी गाडी बसली. आमच्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण चाल १०५ मिलिमीटर. आम्ही एकटे बसलो तर पहिल्या खाचेवर ती २७ मिलिमीटर बसे; दोघे बसलो तर ५१. चौथ्या खाचेवर दोघांनी ती ३७ बसू लागली. एकूण चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा बसण्यात जावा आणि बाकीचा खड्ड्यांसाठी उरावा, असा साधारण संकेत आहे. आता आमचा हिशेब त्याच्या जवळ आला होता.

पण हा हिशेब सहा वर्षे आमच्या लक्षात का आला नाही? उत्तर गाडीच्या रचनेतच आहे. चालक दोन्ही चाकांच्या जवळजवळ मध्ये बसतो. मागचे चाक चार बोटे उडाले तर त्याच्या वाट्याला दोनच बोटे येतात. मागे बसणारा मात्र थेट मागच्या चाकावर असतो. त्याला चारही बोटे सोसावी लागतात. शिवाय चालकाला खड्डा आधी दिसतो, हँडल धरलेले असते, पाय रोवलेले असतात. मागच्याला खड्डा कळतो तो पाठीच्या मणक्यात. पूर्वी तर बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्यालाच घट्ट बांधलेले असे आणि स्प्रिंग असे ती केवळ चालकाच्या बैठकीखाली. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटला मागे शॉकअप होते, आणि १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आल्यावर मोटारसायकल हे आपल्याकडे कुटुंबाचे वाहन झाले. मागच्या माणसाच्या सुखाची सोय यंत्राने केव्हाच करून ठेवली होती. ती वापरायची राहिली आमच्याकडून.

त्या रात्री जेवताना सौ. म्हणाल्या, "मलाही कंबरेत लागायचं. मला वाटायचं मीच जड झाले असेन." आणि कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली आई हळूच बोलली, "मला तर प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता मी मागे पडते. तुला सांगून काय, तू काय मुद्दाम चालवत होतास?"

आम्ही तिला मोजपट्टी दाखवली, ५१ आणि ३७ समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे गाडी उलाळ होत होती म्हण की." तिच्या माहेरी, वसईला, बैलगाडी होती. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त झाले की धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. माल भरून झाला की तिचे वडील जुवाखाली हात घालून तोल पाहत आणि मगच गाडी हाकत. दिवा आभाळाकडे का पाहत होता, पुढचे चाक हलके का वाटत होते, हे सारे त्या एका शब्दात होते. आम्ही तिला आधीच विचारले असते तर मोजपट्टीची गरजच पडली नसती.

ज्या वाचकांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी शिकलेल्या चार गोष्टी इथे नोंदवतो. दोन्ही बाजूंची खाच नेहमी सारखी असावी. ती बदलताना गाडी मेन स्टँडवर घ्यावी, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहत नाही आणि कडी सहज फिरते. माणूस वाढले की मागच्या टायरमधली हवाही गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे वाढवावी. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेले दिसले तर आतले सील गेले आहे असे समजावे. तिथे खाचेचा उपयोग नाही, दुरुस्तीच हवी. आणि एकटे जाताना खाच पुन्हा खाली आणावी. आम्ही उत्साहाच्या भरात आठवडाभर ती चौथ्यावरच ठेवली, तर एकट्याला गाडी उडवू लागली. चाकाला खड्ड्यात उतरायला पुरेशी चालच उरेना. आरामाची एकच कायमची खाच नाही. ओझे बदलले की ती बदलावी लागते, आणि त्याला दोन मिनिटे लागतात.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी आई पुन्हा मागे बसली. पहिल्या गतिरोधकाला तिने सवयीने आमचा खांदा घट्ट धरला. दुसऱ्याला धरला, पण सैल. अंबरनाथ ओलांडेपर्यंत ती रस्त्याच्या कडेच्या नव्या इमारती मोजू लागली होती.

मावशीने तिला लगेच ओळखले नाही. त्या महिन्यांत तिची स्मृती बरीच पुसट झाली होती. आईने तिचा हात हातात घेतला आणि विहिरीवरच्या रहाटापासून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, "इतके दिवस कुठं होतीस?"

आईने आमच्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "पाऊस फार होता गं."

आकडीचा पाना आता आम्ही सीटखालीच ठेवतो. गुरुवारी सकाळी गाडी पुसून झाली की आई दारातून विचारते, "खाच चढवलीस का?" आम्ही "हो" म्हणतो. तरीही ती बाहेर येऊन, चष्मा सावरून, एकदा वाकून पाहते.